वाळूत सुटली, डांबरावर बसली: टायरची हवा सोडण्याचं एक प्रकरण

एक फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद देता येणारी, गाडी आटपाडी तालुक्यात माणगंगा नदीच्या वाळूत रुतली. चारी टायरांतली हवा सोडल्यावर स्वतःच्या ताकदीवर बाहेर आली. आणि तिसऱ्या दिवशी तिचे मागचे दोन्ही टायर भंगारात गेले. टायर जेमतेम दीड वर्षाचे, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. मालकाचा राग टायरच्या कंपनीवर होता. घरच्यांचा राग दाजींवर, कारण हवा सोडायची कल्पना त्यांची. माझ्या मते कंपनीही निर्दोष आणि दाजीही. नदीत जे केलं ते जवळजवळ सगळं बरोबर होतं. घोळ झाला तो नदी संपल्यावर, चांगल्या डांबरी रस्त्यावर, आणि तेव्हा गाडीतल्या पाचही जणांना गाडी नेहमीपेक्षा मऊ चालतेय असं वाटत होतं.

मी विट्यात टायरचं काम करतो. ही गाडी माझ्याकडे खोलली गेली, म्हणून नदीपासून टायर खोलण्यापर्यंतची हकीकत सगळ्यांकडून नीट विचारून घेतली. नावं मुद्दाम देत नाही.

गाडी आणि तिच्यावरचं वजन

गाडी डिझेलची, पावणेदोन टनांची. टायर ट्यूबलेस रेडियल, २४५/७५ आर १६. हा आकडा उलगडून ठेवतो, पुढे लागणार आहे. टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, आणि रिमच्या कडेपासून खालपर्यंत रबराची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १८४ मिलिमीटर. शहरी छोट्या एसयूव्हीला २१५/६० आर १७ सारखे टायर असतात, त्यांची हीच उंची १२९ भरते. हवा कमी करून चालायचं तर टायरला चपटं व्हायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे ही उंची. दिसायला दणकट पण टायर बुटका अशी गाडी वाळूत नेणाऱ्यांनी हा फरक आधी बघावा, मग दुसऱ्याचं बघून हवा सोडावी.

दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर टायरच्या हवेचा दाब ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) लिहिलेला होता. टायरांत होती ४०. आपल्याकडे हे सर्रास चालतं. लांबून आलेली गाडी दिसली की पंक्चरवाला न विचारता चाळीस भरतो आणि मालकालाही टायर 'कडक' असला की बरं वाटतं. डांबरावर त्याचा तोटा लगेच दिसत नाही. वाळूत तो पहिल्या दहा फुटांत दिसतो.

परतीच्या वेळी गाडीत पाच मोठी माणसं, त्यांच्या बॅगा आणि हस्त बहाराच्या शेवटच्या तोड्यातली सहा क्रेट डाळिंबं. एक क्रेट वीस किलोचं धरा. सगळं मिळून गाडी सव्वादोन टनांच्या पुढे गेली, आणि वाढलेल्या वजनातला मोठा वाटा मागच्या अ‍ॅक्सलवर. मागचेच दोन टायर का गेले, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पात्रात काय झालं

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेचे दिवस. खानापूर-आटपाडीची कित्येक घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत, ती माणसं यात्रेच्या निमित्ताने गावी येतात. दाजी त्यातलेच, दुकान राजस्थानात वाळवंटाच्या अंगाला. गाडी त्यांच्या मेहुण्याची. नातलगांचा डाळिंबाचा मळा नदीच्या पलीकडे, आणि पुलाचा वळसा टाळायचा म्हणून पात्रातली जुनी गाडीवाट धरलेली.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी माणगंगेत सोडतात, त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ओल असते आणि खालच्या अंगाला वाळू भुसभुशीत कोरडी. वाट होती खालच्या अंगाला. दमट वाळू चाकाखाली बऱ्यापैकी घट्ट राहते, कोरडीचे कण एकमेकांवरून घसरतात. त्यात वाळू उपशाने पडलेले खड्डे पुराच्या गाळ-वाळूने वरवर भरून येतात, वरून सपाट दिसतात आणि आत काहीच घट्ट नसतं. जाताना गाडी रिकामी होती आणि वेग होता, ती निघून गेली. येताना भरलेली गाडी त्याच वाटेने हळू आली, मध्येच थांबली, आणि मेहुण्याने आपण सगळे जे करतो तेच केलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

रुतलेलं चाक जागेवर फिरलं की ते पुढे जात नाही, खाली जातं. मागच्या अ‍ॅक्सलचा मधला गोळा वाळूवर टेकला तेव्हा त्याने फोर बाय फोर लावलं. उशीर झाला होता. एक जण मोटारसायकलवर ट्रॅक्टर आणायला गेला. तेवढ्यात दाजी म्हणाले, "ट्रॅक्टर येस्तवर हवा सोडून बघू."

"दाजी, आहे ती गाडी पंक्चर करताय व्हय?"

"उंटाचा पाय बघितलायसा का? टेकला की पसरतोय. तुमचा टायर पसरंना, म्हणून आत चाललाय."

पुढचं काम त्यांनी शिस्तीत केलं, हे मान्य करायला हवं. माणसं उतरवली, क्रेटं उतरवली. फावड्याने चारी चाकांच्या मागची आणि गोळ्याखालची वाळू काढली. पुढे जाण्याऐवजी मागे यायचं ठरवलं, कारण आलेली वाट चाकांनी आधीच थोडी दाबलेली होती. स्टेअरिंग सरळ. लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. चाक जागेवर फिरू न देता, क्लच सावकाश सोडत. गाडी हलली ती थांबलीच नाही. ट्रॅक्टर आला तेव्हा क्रेटं परत चढवणं चाललं होतं. बंपरला साखळी बांधून ओढताना कोणाची गाडी वाकली, कोणाच्या हुकाचा तुकडा उडून काच फुटली, असल्या गोष्टी माझ्या कानावर नेहमी येतात. त्यामुळे ट्रॅक्टरची गरज लागली नाही ही मला या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

एक गोष्ट मात्र राहिली. हवा सोडली ती किल्लीचं टोक टायरच्या व्हॉल्व्हच्या पिनवर दाबून, आणि कुठपर्यंत, तर 'टायर बसलेला दिसेपर्यंत'. हवा मोजायचं गेज कोणाकडेच नव्हतं. रेडियल टायर पूर्ण हवेतही खाली थोडा फुगलेला दिसतो. अठरा पीएसआय आणि अकरा पीएसआय यांतला फरक नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि माझा दिवस टायर बघण्यातच जातो.

हवा सोडल्याने गाडी का सुटली

हिशोब साधा आहे. एका चाकावर सरासरी ५७० किलो आले असं धरू. ४० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ किलो. तेवढ्या दाबाने ५७० किलो पेलायला जमिनीवर साधारण २०० चौरस सेंटिमीटर रबर टेकतं. १६ पीएसआय म्हणजे सुमारे १.१ किलो, आणि टेकणारा भाग ५०० च्या आसपास. प्रत्यक्षात टायरची बाजूची भिंत स्वतःही थोडं वजन उचलते, त्यामुळे आकडा याहून कमी भरतो, पण दिशा हीच.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. हवा सोडली की टायर रुंद होतो म्हणून गाडी तरंगते, असं सांगतात. रुंदी थोडीच वाढते. वाढते ती लांबी. चाकाखालचा टेकलेला पट्टा पुढे-मागे लांब होतो. कडक टायर वाळूत आपल्यापुढे ढीग करतो आणि मग सतत त्या ढिगावर चढायचा प्रयत्न करत राहतो. लांब पट्ट्याचा टायर ढीग करण्याऐवजी त्यावर आडवा पडून जातो. इंजिनची ताकद चढण्यात जात नाही, पुढे सरकण्यात जाते. जुन्या गाडीवाटांवर कमी ताकदीच्या जीपही निघून जायच्या, त्या याच कारणाने.

याचे तोटेही तिथेच सुरू होतात. गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते, म्हणजे गोळा दगडाला लवकर लागतो. आणि ट्यूबलेस टायर रिमच्या कडेला धरून राहतो तो आतल्या हवेच्या दाबाने. दाब फार उतरला आणि अशात स्टेअरिंग जोरात वळवलं किंवा गाडी आडव्या उतारावर गेली, तर टायर रिमवरून निसटतो. वाळूत निसटला तर आत वाळू जाते आणि मग तो जागेवर परत बसवणं हे एक वेगळंच प्रकरण होतं.

डांबरावरचे पन्नास किलोमीटर

नदीतून बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि विट्यात हळदीचा कार्यक्रम होता. आटपाडीत पंक्चरची दुकानं आहेत. कोणीतरी म्हणालंही, हवा भरून घेऊ. पण गाडी छान चालत होती. खड्डे लागत नव्हते, आवाज कमी होता. "चालतंय की, मऊ बसतीया गाडी." कमी हवेचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो. जास्त हवा माणसाला दणके देऊन सांगते, कमी हवा काहीच सांगत नाही. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा पेटलेला होता, पण तो नदीतच पेटला होता. हवा आपणच सोडलीय हे माहीत असल्यावर त्या दिव्याकडे कोण बघतं?

भिवघाटमार्गे विटा, पन्नासएक किलोमीटर, बहुतेक वेळ साठ-सत्तरच्या वेगाने. वळणांवर मागून गाडी तरंगल्यासारखी झाली. मेहुण्याला वाटलं वारा आहे.

या आकाराच्या चाकाचा परीघ २.४३ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४१० फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग एकदा खाली येतो, दुमडतो, आणि वर जाऊन सरळ होतो. पन्नास किलोमीटरमध्ये वीस हजारांहून जास्त वेळा, साठच्या वेगाला सेकंदाला सात वेळा. हवा पुरेशी असली तर ही दुमड इतकी कमी असते की टायर वर्षानुवर्षं ती सोसतो. हवा निम्म्याहून खाली असली आणि मागे सहा क्रेटं असली, तर दुमड खोल होते, आतलं रबर आणि धागे एकमेकांवर घासतात, आणि ती ऊब बाहेर पडायच्या आत पुढची दुमड येते. वाळूत हेच टायर ताशी दहा-पंधराच्या वेगाने काही मिनिटं फिरले होते, त्यांना काहीही झालं नाही. टायर मारला तो कमी हवा, वेग, वजन आणि अंतर या चौघांनी मिळून. यातलं एक जरी काढलं असतं तरी बहुधा टायर वाचले असते.

टायरच्या बाजूवर ११० च्या आसपास एक आकडा असतो, तो वजनाचा निर्देशांक. यांच्या टायरवर १११ होता, म्हणजे १०९० किलो. मालकाने तो मला बोटाने दाखवला: "हे बघा, हजार किलो पेलतोय म्हणतात." पेलतो, पण पूर्ण हवेवर. वजन आतली हवा पेलते, रबर फक्त हवेला धरून ठेवतं. अकरा-बारा पीएसआयला हीच क्षमता निम्म्याच्याही खाली येते.

विट्यात रात्री एका दुकानात हवा भरली. तिथल्या पोराला आठवत होतं की मागच्या दोन्हींत 'तेरा-चौदा' होती. ते टायर तेव्हा तापलेले होते. तापलेल्या टायरचं वाचन जास्त येतं, म्हणजे निघताना थंड टायरात दहा-अकराच असणार. त्याने चारींत चाळीस भरली, आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी कराडला जाताना साठच्या पुढे गाडी मागून थरथरायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या डाव्या टायरला बाहेरच्या बाजूने फुगा दिसला.

खोलल्यावर

फुगा म्हटलं की पहिला संशय खड्ड्यावर जातो. टायर वेगात खड्ड्याच्या कडेला आपटला की एका जागचे धागे तुटतात आणि तिथेच फुगा येतो. दुसरा संशय कारखान्यातल्या दोषावर. मालकाचा जोर यावर होता, कारण दीड वर्षाच्या टायरवर क्लेम लागू शकतो. तिसरी शक्यता कमी हवेवर चालवल्याची. तिन्हींची लक्षणं वेगळी असतात, पण ती बाहेरून दिसत नाहीत, टायर रिमवरून उतरवून आत हात घालावा लागतो.

डाव्या टायरमधून रबराची काळी भुकटी पडली, ओंजळभर नाही पण चांगली चिमट्यात येईल एवढी. आतल्या अस्तरावर भिंतीच्या उंचीवर गोल सुरकुती, पूर्ण घेरात, कुठेही न तुटता. बोट फिरवलं की खरखरीत लागत होतं. मग उजवा उतरवला, जो बाहेरून अगदी धडधाकट होता. आत तीच भुकटी, तीच सुरकुती. खड्डा दोन टायरांना पूर्ण घेरात सारखी सुरकुती पाडत नाही. कारखान्याचा दोष दोन्ही टायरांत एकाच उंचीवर, एकाच दिवशी उमटत नाही. क्लेमच्या कागदावर मी 'कमी हवेवर चालवल्यामुळे आतील भिंत निकामी' असं लिहून दिलं. तो कागद पुढे गेला नाही.

मालकाला पटायला अवघड गेला तो उजवा टायर. "ह्याला काय झालंय? हा तर चालंल." नाही चालणार. अस्तर आणि धागे एकदा असे भाजले की पॅच लावून, ट्यूब घालून काही होत नाही. तो टायर हायवेवर ऐंशीच्या वेगात केव्हाही फुटू शकतो, आणि तो आधी फुगा दाखवेलच असं नाही. दिसायला चांगला टायर कापून टाकायला सांगणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात न आवडणारं काम. गिऱ्हाईकाला वाटतं आपण नवा खपवतोय. मी त्यांचा हात धरून आत फिरवला, तेव्हा ते गप्प झाले.

तिथे काय करायला हवं होतं

नदीत उतरण्याआधीच, रिकाम्या गाडीत, काठावर थांबून हवा १८ पर्यंत आणली असती तर बहुधा रुतलीच नसती. रुतल्यावर हवा सोडणं हा दुसरा डाव आहे. पहिला डाव उतरण्याआधीचा. कोरड्या वाळूला मी १६ ते १८ सांगतो. त्याखाली १२ पर्यंत जायचं ते फक्त रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरतं, सरळ रेषेत, ब्रेक आणि झटके टाळून, आणि बाहेर आल्याबरोबर परत वर. हे आकडे या वजनाच्या गाडीचे आणि उंच टायरचे. हलक्या जिप्सीला याहून खाली जाता येतं. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरांना इतकं खाली आणायला मी कधीच सांगणार नाही, तिथे आधी माल उतरवा.

हवा सोडणं फुकट आहे, भरणं नाही. बारा व्होल्टचा पंप गाडीत नसेल तर हवा सोडायचा निर्णय निम्माच झालेला असतो. पंप घेताना थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्यावा. सिगरेट लायटरच्या सॉकेटवरचे मोठे पंप फ्यूज उडवतात, छोटे इतके सावकाश भरतात की दुसऱ्या टायरला माणसाचा धीर सुटतो. आणि गेज. डायलचं साधं गेज पंपाच्या तुलनेत फार स्वस्त मिळतं, तरी पंप असलेल्या निम्म्या गाड्यांत ते नसतं.

पंप नसेलच तर? मग या लोकांकडे एक चांगला मार्ग होता. क्रेटं आणि तीन माणसं आलेल्या ट्रॅक्टरवर द्यायची, आणि रिकामी गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने जवळच्या कॉम्प्रेसरपर्यंत न्यायची. आटपाडी वाटेतच होती. हळदीला अर्धा तास उशीर झाला असता.

हे प्रकरण ऐकून गेलेल्या एकाने नंतर काळ्या रानात हवा सोडली आणि गाडी आणखी आत गेली, म्हणून एवढं सांगतो. पलूस-वाळवा भागातल्या ओल्या काळ्या मातीत अडचण वेगळी असते. ती माती नक्षीत भरते आणि चाक गुळगुळीत होतं, मग पट्टा कितीही लांब असला तरी पकड नाही. खाली वीतभरावर कडक जमीन असेल तर उलट अरुंद, कडक चाक चिखल कापून तिथे पोचतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात ते वजनासाठी, त्याचा या हवेच्या गणिताशी संबंध नाही. पाटण-जावळीच्या दगडी वाटांवर २४-२६ पर्यंत उतरवलं की टायर दगडाला जुळवून घेतो, त्याखाली भिंत बाहेर फुगते आणि धारदार दगड तिलाच कापतो. आणि कासच्या पठारावर प्रश्न हवेचा नाहीच. २०१२ पासून पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारसा यादीत आहे, जांभ्यावर बोटभर मातीचा थर आहे, तिथे कितीही मऊ टायर असला तरी रस्ता सोडायचा नाही.

पुढचे दोन टायरही उतरवले. आत अस्तर गुळगुळीत, भुकटी नाही, सुरकुती नाही. पुढे वजन कमी होतं आणि बहुधा हवाही थोडी जास्त राहिली होती. ते ठेवले, मागे दोन नवे बसवले, त्याच आकाराचे, त्याच कंपनीचे. नव्या आणि अर्धवट झिजलेल्या नक्षीमुळे मागच्या-पुढच्या चाकांच्या व्यासात सात-आठ मिलिमीटरचा फरक राहिला, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. या गाडीत फोर बाय फोर लावलं की पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकत्र जोडला जातो. वाळूत तेवढा फरक चाकं घसरून सोडवून घेतात, कोरड्या डांबरावर तो ताण गिअरबॉक्सच्या मागच्या डब्यात साठतो. म्हणून मेहुण्याला सांगून ठेवलंय की पुढचे टायर बदलेपर्यंत ती नॉब डांबरावर चुकूनही फिरवायची नाही, आणि पात्रातून वर आल्यावर हवा भरायच्या आधी ती टू व्हीलवर आणायची.